गाडीला वॅक्स कसं लावायचं, किती थर द्यायचे? वर्ध्याच्या उन्हात टिकणाऱ्या चमकेची पूर्ण माहिती

ईद जवळ आली, घरात निकाह ठरला किंवा नागपूरला पाहुणे आणायला जायचं असलं की गाडी चकचकीत करायची घाई सुरू होते. कोणी महागडा वॅक्सचा डबा घेऊन येतं, कोणी वॉशिंग सेंटरवर 'पॉलिश' मारून घेतं. चार दिवस गाडी झळकते आणि महिन्याभरात पुन्हा फिकी पडते. मग आपण म्हणतो, वॅक्सच नकली होतं. बहुतेक वेळा वॅक्स नकली नसतं. लावायची पद्धत चुकलेली असते, किंवा वॅक्सच्या नावाखाली भलतंच काही लावलेलं असतं.

या लेखात वॅक्स म्हणजे काय, ते कोणत्या क्रमाने लावायचं, किती थर पुरे होतात आणि आपल्या जिल्ह्याच्या ऊन-पाण्यात काय काळजी घ्यायची, हे क्रमाने दिलं आहे. घरच्या घरी, एका सुटीच्या दिवशी करता येईल असंच सगळं काम आहे.

आधी आमची चूक सांगते

काही वर्षांपूर्वी आम्ही बचत करून एक सेकंड-हँड गाडी घेतली. रंग गडद निळा. अब्बांना तपासणीसाठी सेवाग्रामला न्यायचं, मला शाळेत जायचं, म्हणून गाडी लागतच होती. नणंदेच्या निकाहच्या आधी एका ठिकाणी 'पॉलिश' करून घेतलं. गाडी इतकी सुंदर दिसली की पुढच्या दोन वर्षांत आणखी तीनदा तेच केलं. मग एक दिवस बोनेटच्या कडेला पांढुरका पट्टा दिसू लागला. धुतला तरी जाईना. ओळखीच्या एका जुन्या पेंटर चाचांना दाखवलं. त्यांनी बोटाने कड चाचपली आणि म्हणाले, "बाजी, ही चमक वरून लावलेली नव्हती. रंग घासून काढलेली होती. आता घासायला उरलं नाही काही."

बोनेट पुन्हा रंगवून घ्यावं लागलं. तेव्हापासून मी ही माहिती नीट समजून घेतली आणि गाडीला स्वतःच वॅक्स लावते. वाचकांपैकी कोणाचे पैसे आणि गाडीचा रंग वाचला तरी लेखाचं काम झालं.

पॉलिश वेगळं, वॅक्स वेगळं

आपल्याकडे दोन्हीला सर्रास 'पॉलिश' म्हणतात, इथूनच घोटाळा सुरू होतो.

कारखान्यातून येणाऱ्या गाडीच्या पत्र्यावर रंगाचे अनेक थर असतात: गंज रोखणारा थर, प्रायमर, रंगाचा थर आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट. हे सगळे थर मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरतात. त्यातला क्लिअर कोट साधारण ३५ ते ५० मायक्रॉनचा असतो. माणसाचा एक केस सुमारे ७० मायक्रॉन जाड असतो. म्हणजे गाडीची सगळी चमक केसापेक्षाही पातळ अशा थरावर अवलंबून आहे.

रबिंग कंपाऊंड आणि पॉलिश यांत बारीक खरवडणारे कण असतात. ते ओरखड्यांच्या आजूबाजूचा क्लिअर कोट घासून सपाट करतात. ओरखडा दिसेनासा होतो, पण प्रत्येक वेळी थर थोडा कमी होतो. हा थर परत वाढत नाही. कडा आणि कंगोऱ्यांवर तो आधीच पातळ असतो, म्हणून तिथे आधी उघडा पडतो.

वॅक्स याच्या उलट आहे. ते काही काढत नाही, वरून एक पातळ पडदा घालतं. महिन्या-दोन महिन्यांनी तो पडदा झिजला तरी रंग जागेवर राहतो. म्हणून वॅक्स वर्षातून अनेकदा लावता येतं. पॉलिश मात्र गरज असेल तेव्हाच, दोन-चार वर्षांतून एखाद वेळी, आणि जाणकाराच्या हातूनच करावं.

वॉशिंग सेंटरवर गेलात तर सरळ विचारा: "यात रबिंग आहे का, की नुसतं वॅक्स?" डबा हातात घेऊन बघा. त्यावर 'कंपाऊंड', 'कट' किंवा 'स्क्रॅच रिमूव्हर' असं लिहिलेलं असेल तर ते घासणारं आहे.

वॅक्स कशाचं बनतं

महागड्या डब्यांवर 'कार्नौबा' हे नाव दिसतं. हे ब्राझीलच्या ईशान्य भागात वाढणाऱ्या एका ताडाच्या जातीच्या झाडाचं मेण आहे. तिथला उन्हाळा कडक आणि कोरडा. पानातलं पाणी उडून जाऊ नये म्हणून झाड पानांवर मेणाचा थर धरतं. पानं वाळवून, झटकून ते मेण गोळा करतात. ते साधारण ८२ ते ८६ अंश सेल्सिअसला वितळतं. नैसर्गिक मेणांमध्ये हे फार कडक मानलं जातं.

नुसतं कार्नौबा विटेसारखं कडक असतं, गाडीवर पसरतच नाही. म्हणून त्यात तेलं, द्रावक आणि बऱ्याचदा मधमाशीचं मेण मिसळतात. मधमाशीच्या मेणाशी वर्ध्याचं जुनं नातं आहे. १९३४ मध्ये गांधीजींच्या पुढाकाराने अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. त्याचं काम वर्ध्याच्या मगनवाडीतून चालायचं आणि त्याच्या उद्योगांत मधमाशीपालनही होतं. हे मेण मऊ आणि हाताळायला सोपं असतं, पण ते ६२ ते ६४ अंशांनाच वितळतं. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे कामी येईल.

दुसरा प्रकार म्हणजे सिंथेटिक वॅक्स किंवा सीलंट. हे झाडाचं मेण नाही, कारखान्यात तयार केलेलं पॉलिमर आहे. त्याची चमक थोडी कोरडी, काचेसारखी असते, पण ते उन्हात जास्त टिकतं. कार्नौबाची चमक ओलसर, खोल दिसते, पण टिकाऊपणा कमी.

खोल चमक येते कशी

क्लिअर कोटवर डोळ्याला सहज न दिसणारे हजारो ओरखडे असतात. सरळ उन्हात पाहिलं तर जाळ्यासारखे दिसतात. प्रकाश त्यांवर पडून इकडेतिकडे विखुरतो, म्हणून रंग धुरकट वाटतो. वॅक्स हे बारीक ओरखडे भरतं, पृष्ठभाग गुळगुळीत होतो आणि प्रकाश सरळ परत येतो. काळ्या, निळ्या, मरून गाड्यांवर हा फरक लगेच दिसतो. पांढऱ्या गाडीवर कमी दिसतो, पण संरक्षण तितकंच मिळतं.

नखाला लागणारा ओरखडा, उडालेला रंग, गंज किंवा सालपटासारखा निघालेला क्लिअर कोट मात्र वॅक्सने बरा होत नाही. त्यासाठी पेंटरकडेच जावं लागतं.

वर्ध्यात काय वेगळं आहे

डब्यावरच्या सूचना थंड देशांचा विचार करून लिहिलेल्या असतात. आपल्याकडे चार गोष्टी निराळ्या आहेत.

ऊन: मे महिन्यात, विशेषतः नवतप्यात, पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. ते झालं हवेचं तापमान. उन्हात उभ्या गडद गाडीचा टप ७० अंशांच्याही वर तापू शकतो. मधमाशीचं मेण कितीला वितळतं ते वर वाचलंच. म्हणून मऊ मेण जास्त असलेलं वॅक्स आपल्या उन्हाळ्यात लवकर उडतं.

पाणी: बोअरचं पाणी बहुतेक ठिकाणी जड असतं. ते गाडीवर वाळलं की त्यातले कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार पांढरे ठिपके सोडतात. उन्हात हे ठिपके रंगाला धरून बसतात.

धूळ आणि कापूस: उन्हाळ्यात काळ्या मातीची भुकटी उडते. हिंगणघाट, पुलगाव, देवळीकडे जिनिंगच्या हंगामात कापसाचे तंतू हवेत असतात. ओल्या वॅक्सवर दोन्ही चिकटतात.

झाडं, पक्षी आणि किडे: सावली हवी म्हणून आपण गाडी निंबाखाली किंवा आंब्याखाली लावतो. वरून चिकटा आणि पक्ष्यांची विष्ठा पडते. विष्ठेतलं आम्ल उन्हात काही तासांत क्लिअर कोटवर डाग पाडू शकतं. ११ डिसेंबर २०२२ रोजी समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी टप्पा सुरू झाल्यापासून जिल्ह्यातले लोकही वेगाने लांबचा प्रवास करतात. त्या वेगात बंपर आणि बोनेटवर किड्यांचा थर बसतो. वॅक्स असेल तर हे सगळं सहज निघतं आणि पुसायला थोडा वेळ मिळतो. वॅक्स म्हणजे कवच मात्र नाही, दिसल्या दिवशी पुसायलाच हवं.

पायरी पहिली: धुणे

चमकेचं निम्म्याहून जास्त काम इथेच होतं. धुळीच्या गाडीवर कोरडं फडकं फिरवणं म्हणजे सँडपेपर फिरवण्यासारखं आहे.

दोन बादल्या घ्या. एकीत कार शॅम्पूचं पाणी, दुसरीत साधं पाणी. आधी मगाने पाणी टाकून सैल धूळ उतरवा. मग मऊ मायक्रोफायबरचं फडकं शॅम्पूत बुडवून टपापासून खाली धूत या. फडकं दर वेळी आधी साध्या पाण्यात खळखळून काढा, मगच पुन्हा शॅम्पूत बुडवा. चाकं आणि खालचा भाग शेवटी, वेगळ्या फडक्याने. नळी सोडून ठेवायची गरज नाही, चार-पाच बादल्यांत लहान गाडी नीट धुतली जाते. वुजूच्या पाण्यातही इसराफ नको, असं आपण लहानपणापासून ऐकतो. उन्हाळ्यात टँकरची वाट बघणाऱ्या वस्त्यांत तर हे पाळायलाच हवं.

कपड्यांची पावडर किंवा भांड्यांचं लिक्विड रोज वापरू नका, त्याने आधीचं वॅक्स निघून जातं. जुनं वॅक्स काढून नवीन लावायचं असेल तेव्हा एकदा भांड्यांचं लिक्विड चालतं.

धुतल्यावर गाडी वाऱ्यावर वाळू देऊ नका. लगेच कोरड्या मायक्रोफायबरने पाणी टिपून घ्या. आरसे, दरवाजांच्या फटी आणि नंबरप्लेटच्या मागचं पाणीही काढा, नाहीतर वॅक्स लावताना तिथून ओघळ येतो. पांढरे ठिपके राहिले तर पांढरा व्हिनेगर आणि पाणी सारखं मिसळून फडक्याने हलकेच लावा, मिनिटभराने धुवा.

पायरी दुसरी: पिशवीची परीक्षा

धुतलेल्या, ओल्या बोनेटवर हात पातळ प्लास्टिकच्या पिशवीत घालून फिरवा. रवाळ लागलं तर रंगावर चिकटलेले कण आहेत. रेल्वे लाईनजवळ, कारखान्याजवळ किंवा डांबरी कामाच्या रस्त्यावर राहणाऱ्यांच्या गाड्यांवर ते हमखास असतात. ते काढायला क्ले बार मिळतो. कणकेच्या लहान गोळ्याएवढा तुकडा चपटा करा, जागा शॅम्पूच्या पाण्याने भरपूर ओली ठेवा आणि जोर न लावता सरळ रेषेत फिरवा. घाण दिसली की घडी घालून स्वच्छ बाजू वर घ्या. क्ले जमिनीवर पडला तर तो टाकून द्या, पुन्हा वापरू नका. एक खडा अडकला तरी ओरखडे पडतात. वर्षातून एक-दोनदा क्ले पुरे.

पायरी तिसरी: पहिला थर

पत्रा थंड हवा. हाताची मागची बाजू लावून बघा, जराही गरम लागला तर थांबा. उन्हाळ्यात फजरनंतर लगेच सुरू करा आणि आठच्या आत आटपा. हिवाळ्यात सकाळी दव असतं, तेव्हा दहानंतर सावलीत करा. पावसाळ्यात हवा दमट असल्यामुळे वॅक्स वाळायला जास्त वेळ घेतं.

आपल्या उन्हासाठी पहिला थर सिंथेटिक सीलंटचा द्या. काळ्या प्लास्टिकवर आणि रबरी पट्ट्यांवर मास्किंग टेप लावा, नाहीतर तिथे पांढरे डाग बसतात. फोमच्या पॅडवर रुपयाच्या नाण्याएवढं घ्या. एका वेळी एकच भाग: अर्धा बोनेट, एक दरवाजा. सरळ रेषेत, एकावर एक थोडं चढवत पसरवा. थर इतका पातळ हवा की जेमतेम दिसेल. जाड थराने चमक वाढत नाही, पुसताना मात्र दम निघतो. लहान गाडीला एका वेळी साधारण १५ ते २० ग्रॅम पुरतं. म्हणजे २०० ग्रॅमचा डबा दहा वेळा तरी चालायला हवा. तीन वेळांत संपत असेल तर तुम्ही जाड लावताय.

वाळलं की नाही हे बोटाने तपासा. एका जागी स्वच्छ बोट ओढा. खालचा रंग साफ दिसला तर पुसायची वेळ झाली, रेघ चिकट आली तर थांबा. साधारण ५ ते १५ मिनिटं लागतात. काही वॅक्स लगेच पुसायची असतात, म्हणून डब्यावरची सूचना वाचाच. पुसायला मायक्रोफायबरची चौघडी घ्या आणि थोड्या थोड्या वेळाने बाजू बदला.

पायरी चौथी: दुसरा थर, आणि तिथेच थांबा

सीलंट घट्ट बसायला वेळ लागतो. डब्यावर वेगळं लिहिलं नसेल तर एक दिवस गाडी कोरडी ठेवा, पाणी लागू देऊ नका. दुसऱ्या दिवशी त्यावर कार्नौबाचा थर त्याच पद्धतीने द्या. खालचा थर टिकाऊपणा देतो, वरचा खोल चमक.

हा क्रम उलटा करू नका. सीलंटला थेट स्वच्छ रंगावर पकड हवी असते. खाली मेण असेल तर ते मेणावर बसतं आणि मेणासोबत निघून जातं.

नुसतं कार्नौबा लावत असाल तर दोन थरांमध्ये एक रात्र जाऊ द्या. नव्या थरातला द्रावक ओल्या जुन्या थराला सैल करतो, म्हणून घाईने दुसरा थर दिला तर पहिलाच पुसला जातो.

आता मुख्य प्रश्न: किती थर? दोन. दुसऱ्या थराचा खरा फायदा म्हणजे पहिल्यात सुटलेल्या जागा भरल्या जातात. तिसऱ्या-चौथ्या थराने दिसण्यात फरक पडत नाही, कारण पुसताना वरचं जादा मेण निघूनच जातं. इंटरनेटवर पाच-सहा थरांचे व्हिडिओ दिसतात. ते वॅक्स राहू द्या आणि दोन महिन्यांनी पुन्हा लावा.

किती दिवस टिकतं

आपल्या हवेत कार्नौबा साधारण महिना-दीड महिना आणि सीलंट तीन-चार महिने धरून चालावं. रोज उन्हात उभ्या राहणाऱ्या गाडीवर याहून कमी. ओळखायची खूण सोपी आहे. धुतलेल्या गाडीवर पाणी शिंपडा. गोल थेंब उभे राहिले तर वॅक्स आहे. पाणी पसरून चपटं बसलं तर नवीन थराची वेळ झाली. परीक्षा धुतल्यावरच करा, धुळीवर थेंब नीट बसत नाहीत.

हे मात्र करू नका

डिझेल किंवा रॉकेलचा हात: गावाकडे ही सवय अजून आहे. तास-दोन तास चमक दिसते, मग सगळी धूळ चिकटते आणि रबर खराब होतं.

बूट पॉलिश, मेणबत्ती: बूट पॉलिशमध्ये मेण असतं, पण रंगही असतो. मेणबत्ती मऊ असते, उन्हात ओघळते.

समोरच्या काचेवर वॅक्स: रात्री समोरच्या गाडीचे दिवे पसरतात आणि वायपर थरथरतो. हा सुरक्षेचा प्रश्न आहे.

नव्याने रंगवलेल्या भागावर लगेच वॅक्स: गॅरेजमध्ये मारलेल्या रंगातला द्रावक उडायला वेळ लागतो. एक-दोन महिने थांबा, पेंटरला विचारा. कंपनीतून आलेल्या नव्या गाडीला ही अट नाही.

मॅट रंगावर वॅक्स: ठिकठिकाणी चमकदार डाग पडतात.

फडक्यावर गाडीचा रंग येऊ लागला तर लगेच थांबा. त्या जागी क्लिअर कोट नाही किंवा संपला आहे.

सेकंड-हँड गाडी घेणाऱ्यांसाठी

आपल्यातली बरीच कुटुंबं पहिली गाडी सेकंड-हँडच घेतात. विकण्याआधी गाडीला वॅक्स लावून ओरखडे झाकणं सोपं असतं. म्हणून संध्याकाळी किंवा ट्यूबलाईटखाली गाडी पसंत करू नका. दुपारी उन्हात, धुतलेली गाडी बघा. बोनेट आणि दरवाजांच्या कडा पाहा, रंग पांढुरका किंवा फिका वाटला तर तो घासून घासून पातळ झालेला असू शकतो. एखादा भाग पुन्हा रंगवायचा खर्च भावात धरा.

वर्षाचं साधं वेळापत्रक

फेब्रुवारी-मार्च: धुणे, क्ले, सीलंट आणि त्यावर कार्नौबा. उन्हाळ्याची तयारी.
एप्रिल ते मे: महिन्यातून एकदा पहाटे कार्नौबाचा एक थर.
जूनचा पहिला आठवडा: पाऊस लागायच्या आत पुन्हा सीलंट. आधी भांड्यांच्या लिक्विडने एकदा धुऊन जुनं मेण काढायला विसरू नका.
ऑक्टोबर: पावसाचा चिखल नीट धुऊन पुन्हा दोन्ही थर.
ईद किंवा निकाह: दोन दिवस आधी फक्त धुणे आणि कार्नौबाचा एक थर. रबिंग नाही.

आमची निळी गाडी अजून चालू आहे. बोनेटचा नवा रंग बाकी गाडीशी पूर्ण जुळत नाही, नीट पाहिलं की कळतं. पेंटर चाचा भेटले की बोनेटवर बोट फिरवून बघतात आणि म्हणतात, "आता ठीक आहे." तुमच्या गाडीचा मूळ रंग अजून शाबूत असेल तर तो सांभाळा. एक डबा, चार चांगली मायक्रोफायबरची फडकी आणि दर दोन महिन्यांनी एक सकाळ एवढ्यात तो बरीच वर्षं टिकेल, इन्शाअल्लाह.